दर्याने द्यायचा नारळ

“यंदा दर्यान माका नारळ देवचो,” बाबा म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

समोर मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दिगंबर कुबल उभे होते. त्यांच्या हातात सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ होता. पाठीमागे शंभू गुरव आणि सोसायटीची आणखी दोघं-तिघं. आमच्या घराला तेव्हा छप्पर नव्हतं, निळी ताडपत्री होती. वारा आला की ती फुगायची आणि खाली बसताना उंच माणसाच्या डोक्यात टप्पल मारायची. कुबल उंच होते.

“न्हानूभाऊ, मस्करी नको,” ते टोपी सावरत म्हणाले. “पुनव तोंडार इली.”

“मस्करी कोण करता? इतकी वर्सां आमी दिलो. माझ्या बापाशीन दिलो, आज्यान दिलो. आणि तेणा काय केल्यान? माझी होडी फोडल्यान, घराचा छप्पर नेल्यान. आता पाळी तेची. तेका सांग, सोललेलो नको, शेंडीवालो होयो.”

सर्जेबंदरची रीत अशी, की नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ आम्हा सारंगांच्या हातचा. संध्याकाळी ओहोटी चालू असताना घरच्या कर्त्या पुरुषानं छातीभर पाण्यात उतरायचं आणि नारळ सोडायचा. तो ओहोटीबरोबर आत गेला की मग बाकीच्यांनी आपापले सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी होड्या बाहेर काढायच्या. सारंगांचा नारळ गेल्याशिवाय एकही खलाशी होडीत पाय ठेवत नसे. पूर्वी कोणीतरी ही रीत मोडून पाहिली होती म्हणे. पुढे काय झालं ते कोणीच सांगत नसे, त्यामुळे सगळ्यांचा त्यावर गाढ विश्वास होता.

“न्हानूभाऊ, शेवटचा सांगतंय,” कुबल म्हणाले. “लोक तीन महिने रेशनचो तांदूळ खाऊन रवलेत. पुनवेक तुमी नारळ सोडलात नाय, तर मान सोसायटीकडे जातलो. कायमचो.”

“म्हणजे तुझ्याकडे.”

“चेअरमन मी असंय, तेका मी काय करू?”

ताडपत्रीनं त्यांना पुन्हा एक टप्पल मारली. मंडळी गेली. नारळ ओट्यावरच राहिला.

मी तेव्हा गोव्यात एका संस्थेत समुद्रविज्ञानाचं काम करत होते. वादळात समुद्राचं पाणी शहरात कुठवर चढलं होतं ते मोजण्यासाठी मला माझ्याच गावी पाठवलं होतं. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर त्याला राहायला जागा शोधावी लागली असती. मला निदान ताडपत्री होती. मी लाल रंगाचा डबा घेऊन घरोघर फिरत असे, भिंतीवरची पाण्याची रेघ शोधून तिथे खूण करत असे. माझी सरूआते, म्हणजे बाबांची मोठी बहीण, म्हणायची, “लोकांची घरा पडली आणि ही उरलेल्या भिंतींक कुंकू लावता.”

सरूआते आयुष्यभर मासे विकत आली होती. मासे नव्हते म्हणून आता वांगी विकत होती, आणि वांगीसुद्धा “ताजी फडफडीत” म्हणून ओरडून विकत होती.

शहर हळूहळू उठत होतं, पण कंबर धरून. कुबलांचा एक ट्रॉलर नगरपालिकेच्या बागेत येऊन बसला होता. त्याला हलवणारी क्रेन येईपर्यंत कर्मचाऱ्यांनी त्याच्या दोऱ्यांवर छत्र्या वाळत घालायला सुरुवात केली होती. बाबांची निम्मी होडी पोस्टासमोर सापडली, उरलेली निम्मी कुठे होती ते दर्यालाच ठाऊक. तिची डोलकाठी आमच्या ताडपत्रीला आधार म्हणून उभी होती. आंब्याची झाडं मुळं वर करून पडली होती आणि त्या मुळांमध्ये कोंबड्यांनी संसार थाटले होते. आणि दर्या? दर्या त्या श्रावणात असा काही दिसायचा की मान वळवावी लागे. सर येऊन गेली की त्याच्यावर ऊन पडायचं, पलीकडच्या किल्ल्यावर इंद्रधनुष्य उभं राहायचं. लाज नावाची गोष्टच नव्हती त्याला.

बाबा त्या दर्याकडे बघत नसत. त्यांनी आपली खाट समुद्राकडच्या खोलीतून मागच्या पडवीत नेली होती. वारा बाधतो, म्हणाले. साठ वर्षं ज्याला वारा बाधला नाही त्याला आता बाधू लागला होता. बाजारात जायला वाळूवरून सरळ वाट होती, ते देवळाला वळसा घालून जायचे. पायाला वाळू लागते, म्हणाले. मला वाटलं, राग आहे. राग धरायला त्यांच्याकडे कारण होतं. वादळ आलं त्या दिवशी ते होडीचा दोर आवळून बांधायला म्हणून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, “जरा भिजलंय.” दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळलेली होती.

कुबल गेले त्या संध्याकाळी सरूआते उरलेली वांगी घेऊन आली आणि भावासमोर टोपली आदळून बसली.

“न्हान्या, तुझा गाऱ्हाणा असात तर चव्हाट्यार घाल. घरात बसान पाना कित्याक चघळतंस?”

“घालतंय की.”

“घाल तर. न्याय होऊन जाऊ दे. उद्या सगळ्यांक बोलावतंय.”

“आणि दर्याच्या बाजून कोण उभो रवतलो?” बाबांनी विचारलं.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी रंगाचा ब्रश धूत होते.

“माझा चेडू रवात,” बाबा म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. “इतकी वर्सां दर्यावर शिकला ता कित्याक?”

मी नाही म्हणाले. मला चार माणसांसमोर बोलायला जमत नसे. सरूआतेनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, “काय बोलू नको. नुसती उभी रव. दर्या तरी खंय बोलता?”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी सगळं सर्जेबंदर जुन्या कस्टम ऑफिसच्या पायऱ्यांवर जमलं. ती दगडी इमारत इंग्रजांच्या काळातली, वादळातही तशीच उभी राहिलेली. तिच्यासमोरची बंदराची नवी भिंत मात्र पार वाहून गेली होती. न्यायाधीश म्हणून दाऊद होडेकर बसले. त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या यंत्रात अजून वाळू होती. शंभू गुरवानं हरकत घेतली, की नारळाच्या कामात दाऊदचाचा कसे?

“माझो देव येगळो,” दाऊदचाचा म्हणाले, “पण दर्या सामायिक.” आणि बर्फ फोडायचा टोचा त्यांनी बसायच्या पेटीवर आपटला. खटला सुरू झाला.

बाबा वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला भिंतीत एक जाड लोखंडी कडी होती, पूर्वी तिला पडाव, म्हणजे मालाच्या होड्या, बांधायचे. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि देवाला घालतात तशा सुरात गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा दर्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे सवयीनं ओरडले.

“आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली असत…”

“व्हय म्हाराजा!”

“तर तू चोर असस…”

“व्हय म्हाराजा!”

“खाल्ल्या घराचे वासे मोजणारो, वासे मोजून झाल्यार तेय नेणारो असस…”

“व्हय म्हाराजा!”

होडीपासून सुरुवात करून बाबांनी शहरातल्या एकेका घराचं नुकसान सांगितलं. कोणाची जाळी, कोणाचं वाळवण, कोणाची शिवणाची मशीन. दाऊदचाचांचा बर्फ, शंभू गुरवाची गाय, कुबलांचा ट्रॉलर. कुबलांच्या डोळ्यांना पाणी आलं तसं त्यांनी ते नाक शिंकरण्यात दडवलं. दाऊदचाचांना मध्येच खोकला आला तेव्हाही लोक “व्हय म्हाराजा” म्हणाले.

मग माझी पाळी आली. ओहोटी होती, माझा अशील लांब वाळूपलीकडे पसरून पडला होता. मी सांगितलं, आरोपीचा हेतू सिद्ध होत नाही. पाणी तापलं, त्यावर वारा फिरला आणि त्या वाऱ्यानं पाणी किनाऱ्याकडे ढकललं.

“म्हणजे दुसऱ्यान ढकलल्यान म्हणून हो आमच्या घरात पडलो?” सरूआतेनं विचारलं. “माझो घोव दारू पिऊन येय तेव्हा असाच सांगी.”

लोक हसून झाले तशी मी म्हणाले, पाणी शहरात शिरलं कारण बंदराची नवी भिंत पडली, आणि नवी भिंत का पडली आणि हे जुनं ऑफिस का पडलं नाही, हा प्रश्न समुद्राला विचारण्यात अर्थ नाही. गर्दीत भिंतीच्या ठेकेदाराचा मेहुणा होता. त्याला एकदम फोन आला आणि तो बोलत बोलत लांब गेला. त्याच्या फोनचा आवाज मात्र कोणी ऐकला नव्हता.

“वकीलबाय बरा बोलता,” दाऊदचाचा म्हणाले. “पण आरोपीक स्वतःचा काय सांगूचा असा?”

“इचारूया की!” शंभू गुरव म्हणाला. “चला पाण्यार. फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर होऊ देत.”

ही कल्पना सगळ्यांना आवडली. हसत-खिदळत अख्खी गर्दी पायऱ्या उतरून वाळूवरून निघाली. थोडं पुढे गेल्यावर मी मागे पाहिलं. बाबा आले नव्हते. ते वरच्या पायरीवर होते तसेच बसलेले होते, चेहऱ्यावर तेच मिश्किल हसू, पण उजवा हात भिंतीतल्या कडीत होता आणि मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

दाऊदचाचाही मागे राहिले होते. माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “वादळाच्या दुसऱ्या दिसा सकाळी तो माका हयच मिळालो. ह्याच कडयेक. गळ्याइतक्या पाण्यात होतो, पाणी गेला तरी सोडी ना. एकेक बोट मी सोडवलंय.”

मला खाट आठवली, देवळाला घातलेला वळसा आठवला. माझ्या बापाला दर्याचा राग आलेला नव्हता. उद्या त्याला छातीभर पाण्यात उतरायचं होतं आणि त्याला ते जमणार नव्हतं. न उतरला तर मान जाणार, आणि का उतरला नाही हे कोणाला कळलं तर मानापेक्षाही जास्त काहीतरी जाणार.

गर्दी परत आली. दर्या काहीच बोलला नाही म्हणून लोकांनी त्याला गुन्हा कबूल असल्याचं धरलं होतं. दाऊदचाचांनी टोचा आपटला. “दर्या दोषी. आता शिक्षा सांगा.”

कोणी म्हणालं, वर्षभर त्याच्यात कोणी थुंकायचंसुद्धा नाही. कोणी म्हणालं, नगरपालिकेचं गटार आणखी एक सोडा. कुबल नुसते घड्याळाकडे बघत होते.

“मी सांगते,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “चूक आरोपीची आहे, तर फिर्यादीनं त्याच्याकडे का जायचं? त्यानं यायला हवं. उद्या दुपारच्या भरतीला समुद्र ह्या पायऱ्यांवर येईल, बाबांच्या पायाशी. आल्यावरच बाबा इथे बसून नारळ देतील.”

लोकांनी खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. भिंत पडल्यापासून उधाणाचं पाणी खालच्या पायऱ्यांना लागायचं, हे सगळ्यांनी बघितलं होतं. बाबांच्या पायरीपर्यंत मात्र ते वादळानंतर एकदाही आलं नव्हतं. त्या उधाणांची मी केलेली सगळ्यात वरची लाल खूण बाबांच्या पायरीच्या बरीच खाली होती.

“मुहूर्त सांजचो असता,” शंभू गुरव म्हणाला.

“आरोपी कधी हजर होतलो ता तेचो वकील सांगतलो,” दाऊदचाचा म्हणाले. “मुहूर्त दुपारचो.”

“आणि नाय इलो तर?” कुबलांनी विचारलं.

“तर मान तुझो,” सरूआते म्हणाली. “आणि उरलेली वांगी पण घेवन जा.”

बाबा माझ्याकडे बघत होते. मुठीतली कडी सुटली.

पौर्णिमेला आभाळ स्वच्छ होतं आणि नैऋत्येचा वारा होता. त्या वाऱ्यावर मी भरवसा ठेवला होता, आणि वाऱ्यावर भरवसा ठेवू नये हे मी शिकलेलं पहिलं वाक्य होतं. बाबा पांढरं धोतर, काळी टोपी घालून, कुबलांनी आणलेला सोनेरी नारळ मांडीवर घेऊन आपल्या पायरीवर बसले. मी त्यांच्या पाठीशी. खाली सगळं शहर उभं होतं. बायका नव्या साड्या नेसल्या होत्या, कारण जुन्या दर्यानं नेल्या होत्या आणि मदतीतून आलेल्या सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या होत्या. एकसारख्या कपड्यांमुळे सरूआतेला शत्रू ओळखू येईनात.

पाणी चढू लागलं. खालची पायरी बुडाली. माझी लाल खूण बुडाली. लोक मागे सरकत सरकत भिंतीला लागले. मग पाणी थबकल्यासारखं झालं. कुबल पुढे आले. आणि त्याच वेळी वाऱ्याचा झोत आला, एक बारकी लाट पायरी ओलांडून वर आली आणि बाबांच्या पायाचे अंगठे भिजवून गेली.

“पाया पडलो!” दाऊदचाचा म्हणाले. “दर्या न्हानूच्या पाया पडलो!”

मग जो गलका झाला त्यात बाबांचा हात कडीकडे गेलेला कोणाला दिसला नाही. दुसरी लाट आली, मग तिसरी. पाणी आता घोट्याशी होतं. बाबांचा श्वास मला पाठीमागून ऐकू येत होता.

“विंदा,” मागे न बघता त्यांनी विचारलं, “भरती पुरी झाली?”

भरती पुरी झाली नव्हती. अजून बराच वेळ पाणी चढणार होतं. समोर कोणाची तरी रबरी चप्पल तरंगत होती आणि ती सरळ शहराकडे येत होती. बाबा त्या चपलेकडेच बघत होते. साठ वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाला भरती कुठवर आली ते विचारण्यासाठी वकील लागत नाही.

“झाली,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, वाकले आणि नारळ पाण्यावर ठेवला. नारळ जरासा पुढे गेला, घुटमळला, स्वतःभोवती फिरला. मग येणाऱ्या पाण्याबरोबर परत आला आणि बाबांच्या नडगीवर टक्कन आपटला.

शंभू गुरवाचा हात कानाच्या पाळीला गेला.

“न्हान्या,” सरूआते म्हणाली, “दर्यान तुका नारळ दिल्यान.”

बाबांनी नारळ उचलला. त्यातून पाणी निथळत होतं, सोनेरी कागद निम्मा सुटला होता. तो त्यांनी उलटसुलट करून बघितला, बाजारात बघतात तसा कानाशी हलवला. “पाणी असा,” ते म्हणाले. “सोललेलो दिल्यान नाय ह्या बरा केल्यान. पण एका नारळात मिटवूक बघता, लबाड.”

मग ते उठले. कडी सोडली. एक पायरी उतरले, पाणी पोटरीला लागलं. दुसरी उतरले. तिथे गुडघ्याच्या खाली पाणी होतं आणि तिथे ते थांबले. पुढे जायची गरज नव्हती आणि त्यांनी ती दाखवलीही नाही. नारळ हातात धरून ते तसेच उभे राहिले. पाणी चढत होतं, आदळत होतं, त्यांचं धोतर फुगवत होतं. ते कुबलांना म्हणाले, बागेतल्या ट्रॉलरवर भोपळ्याचा वेल चढव. दाऊदचाचांना म्हणाले, बर्फ कधी देतंस? आवाज सुरुवातीला जरा वर चढलेला होता, मग नेहमीसारखा झाला. लोक हसत होते, उन्हात उभे होते, कोणी घाई केली नाही. ती रबरी चप्पल पायऱ्यांपर्यंत आली, थांबली आणि कितीतरी वेळानं आल्या वाटेनं परत निघाली.

तेव्हा बाबांनी नारळ सोडला. तो चपलेच्या मागोमाग गेला, खाडीच्या तोंडाशी दिसेनासा झाला. मागोमाग सगळ्या शहराचे नारळ गेले. दुसऱ्या दिवशी ज्या होड्या होत्या त्या बाहेर पडल्या आणि सरूआतेनं वांगी कायमची बंद केली.

त्या संध्याकाळी बाबांनी पाय धुतले नाहीत. ओट्यावर बसून पान खात होते. त्यांच्या पोटऱ्यांवर गुडघ्याच्या खाली मिठाची बारीक पांढरी रेघ उमटली होती. शहरातल्या पाण्याच्या सगळ्या खुणा मी नोंदवल्या, ही एक सोडून.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. मी गोव्यातल्या संस्थेत बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे. नारळ अजून सारंगांचाच, दुपारच्या भरतीला, त्याच पायऱ्यांवर. ही रीत पूर्वापार आहे असं नवीन मुलांना सांगितलं जातं. छातीभर पाण्यात बाबा पुन्हा कधी उतरले नाहीत आणि कोणी त्यांना उतरा म्हटलं नाही. आता ऐंशीच्या घरात आहेत. दर नारळी पौर्णिमेला मी पाठीशी उभी असते आणि दर पौर्णिमेला ते जमलेल्या पाहुण्यांना माझी ओळख करून देतात.

“ह्या माझा चेडू. दर्यावरचा सगळा शिकला. पण भरती कधी पुरी होता, ता तेवढा तेका अजून कळणा नाय.”

सगळे हसतात. दाऊदचाचा होते तोवर तेच सर्वांत मोठ्यानं हसायचे. मी मान खाली घालते, तशी खाली घातली की बाबांचे ओले पाय दिसतात.